लिलावाच्या आधीचा ग्राहक

लासलगावच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कांद्याने भरलेल्या ट्रॉलीचा सौदा पाहता पाहता उरकतो. व्यापारी चार कांदे हातात घेतात, रंग, पत्ती, आकार आणि ओल जोखतात, बोली चढते आणि भाव पुकारला जातो. १९४७ साली सुरू झालेल्या या बाजारातला भाव देशभरचे व्यापारी आणि सरकारी खाती रोज पाहतात. मात्र त्या सौद्यातून शेतकऱ्याच्या हाती भावाचा आकडा लागतो, त्यापलीकडे काही कळत नाही. हा कांदा कोण खाणार, त्याला तो कसा हवा होता, पुढच्या हंगामात त्याला किती लागणार, यातले काहीच त्या आकड्यात नसते. दूरच्या शहरातल्या ग्राहकालाही आपल्या पिशवीतला कांदा कोणत्या गावचा, कधी काढलेला, किती महिने साठवणुकीच्या कांदाचाळीत राहिलेला, याचा पत्ता नसतो. दोघांमध्ये भावाची ये-जा होते, गरजेची होत नाही. उद्योगजगतात ग्राहकाला सोबत घेऊन वस्तू घडवण्याची पद्धत गेली दोन-अडीच दशके वाढते आहे. सहनिर्मिती म्हणून ती व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते. कांद्याच्या पट्ट्यात या पद्धतीला काही अर्थ आहे का, असेल तर कोणत्या अटींवर, याचा हा आढावा आहे.

कल्पनेचा उगम आधी पाहू. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले एरिक फॉन हिपेल यांनी १९७० च्या दशकापासून एक गोष्ट पुराव्यानिशी मांडली: वैज्ञानिक उपकरणांसारख्या क्षेत्रांत महत्त्वाच्या सुधारणा बऱ्याचदा कारखानदाराने केलेल्या नसतात, वापरणाऱ्यांनी केलेल्या असतात. ज्याला अडचण सर्वांआधी आणि सर्वांत तीव्रतेने जाणवते तोच तिच्यावर उपाय शोधतो, कंपनी तो नंतर उचलते. पुढे सी. के. प्रल्हाद आणि वेंकट रामस्वामी यांनी २००० सालचा लेख आणि २००४ सालचे पुस्तक यांतून हा विचार व्यवस्थापनाच्या मध्यभागी आणला. मूल्य कारखान्यात तयार होऊन ग्राहकाला पोचवले जाते हे गृहीतकच त्यांनी बाजूला सारले आणि मूल्य दोघांच्या व्यवहारात घडते असे म्हटले. त्यानंतर या शब्दाचा सुळसुळाट झाला. आज अभिप्रायाचा अर्ज, मोबाइलवरचे तारांकन, सूचनापेटी यांनाही सहनिर्मिती म्हटले जाते. यातून फारसे काही साधत नाही, कारण वस्तू तयार झाल्यावर मत विचारणे म्हणजे लिलावच, फक्त जरा सौजन्याचा. खरी सहनिर्मिती ओळखायची तर तीन गोष्टी तपासाव्यात. ग्राहकाची गरज उत्पादनाच्या आधी कळली का? मालाचे माप, म्हणजे चांगले काय आणि वाईट काय, हे दोघांनी मिळून ठरवले का? आणि माल बिघडला किंवा भाव कोसळला तर तोट्यात ग्राहकाचाही वाटा आहे का? महाराष्ट्रातल्या अनुभवाला ही कसोटी लावली की चित्र बरेच स्पष्ट होते.

वापरणाराच सुधारणा करतो, याला आपल्याकडे परदेशी उदाहरणांची गरज नाही. बियाण्याचा आणि कलमाचा ग्राहक शेतकरी असतो. थॉमसन सीडलेस हे द्राक्ष बाहेरून आले, पण इथल्या हवामानाला आणि इथल्या बाजाराला जुळणारे त्याचे प्रकार बागायतदारांनी स्वतःच्या बागांत वेगळी दिसलेली वेल हेरून तयार केले. तास-ए-गणेश सांगली जिल्ह्यातल्या तासगाव परिसरातून आले, सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या बागेतून. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या जपून एचएमटी हे भाताचे वाण निवडले आणि ते राज्याबाहेरही पसरले. दादाजी २०१८ साली गेले. त्यांच्या वाणावर अनेकांनी कमावले, त्यांच्या वाट्याला त्या मानाने फार थोडे आले. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला आणि शेतकऱ्याच्या वाणाला कायदेशीर मान्यतेची वाट उघडली, पण तोवर उशीर झाला होता. वापरणाऱ्याकडे कल्पकता नाही म्हणून सहनिर्मिती अडते, असे यावरून दिसत नाही. त्या कल्पकतेची नोंद घेणारी आणि तिचा मोबदला देणारी यंत्रणा नसते म्हणून ती अडते.

यंत्रणा उभी राहिली की काय होते, हे नाशिकच्याच द्राक्षाने दाखवले आहे. १९९१ साली द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी राज्य कृषी पणन मंडळाच्या मदतीने महाग्रेप्स उभी केली. सुरुवातीला युरोपात गेलेला माल नाकारला गेला. माल इथल्या नजरेने चांगला होता, पण मण्याचा आकार, घडाची ठेवण, शीतसाखळी, फवारणीचे अंश यांबाबत तिकडची अपेक्षा वेगळी होती आणि ती बागेपर्यंत पोचलेली नव्हती. त्यानंतर छाटणीपासून पॅकिंगपर्यंतचे काम त्या अपेक्षेनुसार बसवावे लागले. युरोपातल्या किरकोळ विक्रेत्यांनी १९९७ साली सुरू केलेली आणि पुढे ग्लोबलगॅप नावाने ओळखली जाणारी प्रमाणपद्धती इथल्या बागांत आली. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने अंशतपासणीचा कार्यक्रम चालवला. २००६ पासून अपेडा या कृषी निर्यातीसाठीच्या सरकारी संस्थेने ग्रेपनेट ही नोंदणीव्यवस्था सुरू केली आणि परदेशी दुकानातल्या पेटीचा माग नाशिकच्या प्लॉटपर्यंत लागू लागला. तरीही २०१० साली मोठा फटका बसला. वेलीची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात मर्यादेपेक्षा जास्त आढळले, कंटेनर अडकले आणि निर्यातदारांसह बागायतदारांचे जबर नुकसान झाले. हे संजीवक तोवर इथल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. माहिती आधी पोचण्याची पहिली अट एका रसायनापुरती मोडली आणि वर्षाची कमाई गेली. त्या धक्क्यानंतर यादी वाढली, शेतकऱ्यांनी नोंदी ठेवण्याची शिस्त घट्ट केली. त्याच सुमारास विलास शिंदे यांच्या पुढाकाराने दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला उभ्या राहिलेल्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी उत्पादक कंपनीने परदेशी खरेदीदाराशी थेट बोलून कोणते वाण लावायचे इथपर्यंतचे निर्णय घ्यायला सुरुवात केली. २०२२ साली तिच्यात युरोपीय गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये गुंतवले. म्हणजे बाहेरचे भांडवल जोखीम घ्यायलाही तयार झाले.

आता लासलगावकडे येऊ, कारण या प्रश्नाचा सर्वांत बोलका पुरावा इथेच उभा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने इथे कृषक हे विकिरण केंद्र उभारले, ते या शतकाच्या अगदी सुरुवातीला कार्यान्वित झाले. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची अत्यल्प मात्रा दिली की साठवणीतल्या कांद्याला कोंब फुटत नाहीत, हे शास्त्र पक्के होते, आणि देशातल्या कांद्याच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठेत केंद्र असावे हा विचारही योग्य होता. तरी कांद्यासाठी या केंद्राचा वापर अपेक्षेच्या जवळपासही गेला नाही. कारण शास्त्राबाहेरचे होते. चाळीतले नुकसान केवळ कोंबाचे नसते. वजनातली घट आणि सड यांचा वाटा मोठा असतो, आणि विकिरण त्यांवर पूर्ण उपाय नाही. कांदा काढल्यानंतर ठराविक काळात केंद्रात आणायचा, पुन्हा योग्य साठवणीत न्यायचा, वाहतूक आणि प्रक्रियेचा खर्च सोसायचा, आणि एवढे करून लिलावात तो बिनविकिरणाच्या कांद्याच्या रांगेतच उभा करायचा. त्या कांद्यासाठी चार पैसे जास्त देईन असे आधी सांगणारा कोणी नव्हता. मग शेतकऱ्याने हा खटाटोप कशासाठी करावा?

याच केंद्राचे नशीब आंब्याने पालटले. अमेरिकेने भारतीय आंब्याला बाजार खुला करताना अट घातली: फळमाशी आणि कोयकिड्याचा धोका टाळण्यासाठी किमान ४०० ग्रे मात्रेचे विकिरण, तेही अमेरिकी कृषी खात्याच्या निरीक्षकाच्या देखरेखीखाली. केंद्रात त्यानुसार बदल झाले, त्याला मान्यता मिळाली आणि २००७ च्या हंगामात लासलगावहून हापूस अमेरिकेला रवाना झाला. कोकणातला आंबा घाट चढून कांद्याच्या गावी येऊ लागला, कारण घेणाऱ्याने काय हवे ते आधी सांगितले होते, माप लेखी होते आणि तपासणीसाठी त्याचा माणूस इथे हजर होता. हे नाते किती घट्ट आणि किती नाजूक आहे तेही पुढे दिसले: करोनाच्या काळात निरीक्षक येऊ शकले नाहीत तेव्हा निर्यात थांबली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. यंत्र एकच, कोबाल्ट एकच, गाव एकच. फरक होता तो ग्राहकाच्या जागेचा. आंब्याचा ग्राहक प्रक्रियेच्या सुरुवातीला होता, कांद्याचा ग्राहक प्रक्रियेत नव्हताच. अर्थात अमेरिकेने घातलेली अट हुकमासारखी होती, तिला बरोबरीची सहनिर्मिती म्हणता येणार नाही, आणि नाकारलेल्या मालाचा तोटा निर्यातदाराच्याच माथी राहिला. तीनपैकी पहिलीच अट इथे पुरी झाली. पण एकच अट पुरी होताच केंद्र चालू लागले, हे विसरून चालणार नाही.

ग्राहक आपणहून संघटित झाला तर काय घडते, त्याचा दाखला मुंबईत आहे. ग्राहक चळवळीच्या पहिल्या लाटेत, १९७५ साली, मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची वितरणव्यवस्था साधी आहे: शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याच्या गरजेची यादी आधी भरायची, पंचायतीने एकत्रित मागणी काढून माल घाऊक खरेदी करायचा आणि सदस्यांनीच तो वाटून घ्यायचा. दुकान नाही, जाहिरात नाही. हजारो कुटुंबे दशकानुदशके या पद्धतीने घर चालवत आली आहेत. जपानमध्येही १९७० च्या दशकात शहरातल्या गृहिणी आणि शेतकरी यांनी तेइकेइ नावाची व्यवस्था उभारली; त्यात ग्राहक हंगामाआधी बांधील होतात आणि पीक कमी आले तरी शेतकऱ्याची साथ सोडत नाहीत. या दोन्ही उदाहरणांतला धडा सारखाच आहे. एकट्या ग्राहकाची गरज ही इच्छा असते. शेकडो ग्राहकांची, तारीख आणि वजन लिहिलेली गरज ही मागणी असते, आणि तिच्याभोवती पेरणीचे नियोजन करता येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: द्राक्ष आणि आंबा महागडी फळे आहेत, कांदा स्वस्त आणि ढीगभर माल आहे, त्यात ग्राहकागणिक वेगळेपण कसले? पण बाजारातला रोजचा व्यवहारच या आक्षेपाला खोटे पाडतो. गोल्टी, गोल्टा, मोठा अशी प्रतवारी खळ्यावर आज होतेच. आखाती देशांना आणि मलेशियाला मध्यम आकाराचा, लाल, तिखट कांदा लागतो. युरोपची पसंती मोठ्या, पिवळट-तपकिरी, सौम्य चवीच्या कांद्याला आहे, आणि तो आपल्याकडे फारसा पिकतच नाही. निर्जलीकरणाच्या कारखान्याला पांढरा आणि घनपदार्थ जास्त असलेला कांदा हवा असतो. त्या गरजेपोटीच जळगावच्या जैन इरिगेशनने खानदेशात पांढऱ्या कांद्याची करारशेती उभी केली, बियाणे आणि सल्ला पुरवला आणि किमान भाव आधी बोलून ठेवला. चांदवड, निफाड भागातल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते की पोळ कांदा टिकत नाही, रांगडा थोडाफार तग धरतो आणि उन्हाळ कांदाच चाळीत पावसाळा काढतो. हा फरक भौगोलिक मानांकनानेही अधोरेखित केला. २०१६ मध्ये लासलगाव कांद्याला ते मिळाले. पण मानांकन मिळालेला कांदा आणि दुसऱ्या राज्यातून आलेला कांदा शहरातल्या बाजारात एकाच गोणीच्या ढिगात जातो. नाव मिळाले, त्या नावाने मागणारा ग्राहक मिळाला नाही. वेगळेपण मालात आहे, मागणीतही आहे; दोन्ही एकमेकांना भेटवणारी व्यवस्था तेवढी नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सहनिर्मितीच्या गोड नावाखाली बडा खरेदीदार नियम लिहितो आणि लहान शेतकरी ते पाळतो, एवढेच होते, असे टीकाकार म्हणतात. २०१९ साली पेप्सिको कंपनीने चिप्सच्या बटाट्याचे आपले नोंदणीकृत वाण लावल्याबद्दल गुजरातमधल्या शेतकऱ्यांवर दावे ठोकले, हे उदाहरण त्यांच्या बाजूने बोलते. देशभर संताप उसळल्यावर दावे मागे घेतले गेले, पण वाणाच्या नोंदणीवरचा वाद त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिला. द्राक्षाच्या प्रमाणपत्रांचा खर्चही छोट्या बागायतदाराला एकट्याने झेपत नाही, हे खरे आहे. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष ग्राहकापासून दूर राहा असा नाही. एकट्याने त्याच्यासमोर बसू नका, असा आहे. नाशिकच्या द्राक्षात महाग्रेप्स काय किंवा सह्याद्री काय, वाटाघाटी करणारा पक्ष संघटित होता म्हणूनच प्रमाणपत्राचा खर्च वाटला गेला आणि नकाराचे कारण विचारण्याची ताकद आली. २००२ साली कंपनी कायद्यात बदल झाल्यापासून शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येते. कांद्यात अशा कंपन्या निघाल्या, पण त्यांतल्या बऱ्याचशा सरकारी खरेदीच्या मध्यस्थ होण्यापलीकडे गेल्या नाहीत. त्यांनी ग्राहक शोधला पाहिजे, सरकारी गोदामाचा दरवाजा नव्हे.

तिसरा आक्षेप बाजार समितीच्या बाजूने येतो. उघडा लिलाव, रोख रक्कम, मापात पारदर्शकता या गोष्टी मोठ्या झगड्यातून मिळाल्या आहेत. थेट कराराच्या नादात त्या गमावल्या तर शेतकरी पुन्हा एकट्या सावकाराच्या दारात जाईल. ही भीती अनाठायी नाही. लासलगावचा लिलाव नसता तर कोणत्याही करारातला भाव रास्त की नाही हे ठरवायलाच आधार उरला नसता. म्हणून सहनिर्मितीने लिलावाची जागा घ्यावी असे कोणी म्हणू नये. उत्पादनाचा एक भाग आधी बोलून, आधी माप ठरवून जावा आणि उरलेला लिलावात जावा. दोन्ही वाटा उघड्या असल्या की दोन्हींवर वचक राहतो. उलट बाजार समितीच या कामातली पहिली संस्था होऊ शकते. तिच्याकडे आवक, प्रत आणि भाव यांच्या दशकांच्या नोंदी आहेत. त्या नोंदी ग्राहकाच्या गरजेशी जोडून पेरणीपूर्वी शेतकऱ्यासमोर ठेवायला कोणता कायदा आडवा येतो?

चौथा आक्षेप मात्र सर्वांत बळकट आहे, आणि त्याचे उत्तर शेतकऱ्याकडे नाही. परदेशी ग्राहकाशी नाते जोडावे तर केंद्र सरकार एका रात्रीत निर्यात बंद करते. सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि निषेधात लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव थांबले. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली, ती मे २०२४ पर्यंत टिकली. उठली तेव्हाही किमान निर्यातमूल्य आणि शुल्क मागे राहिले, आणि शुल्क पूर्णपणे हटायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. अशा वातावरणात ढाक्याचा किंवा दुबईचा आयातदार भारतीय शेतकऱ्याबरोबर तीन वर्षांचे नियोजन का करील? तो दुसरा देश शोधतो. बंदीचे समर्थक शहरी गरिबाकडे बोट दाखवतात, आणि त्याच्या ताटातला कांदा परवडणारा असावा ही अपेक्षा न्याय्यच आहे. पण शहरी गरीब हासुद्धा ग्राहक आहे आणि त्याच्या वतीने सरकार स्वतः कांदा विकत घेते. २०२३ साली बफर साठ्याचे लक्ष्य ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर गेले. २०२४ साली लासलगावहून १,६०० टन कांदा मालगाडीने दिल्लीला पोचवण्यात आला. इतका मोठा ग्राहक असूनही सरकार वागते ते लिलावातल्या शेवटच्या बोलीदारासारखे: खरेदी किती, कोणत्या प्रतीची, कोणत्या भावाने, हे कांदा चाळीत गेल्यावर कळते. उन्हाळ कांद्याची रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकली जातात. त्याआधी सरकारने आपली गरज जाहीर केली, साठवणीतल्या घटीचा वाटा उचलला आणि निर्यातीचे नियम हंगामभर न बदलण्याची हमी दिली, तर तिन्ही अटी एकाच खरेदीदाराकडून पुऱ्या होतील आणि बंदीची वेळही क्वचितच येईल.

या सगळ्या पुराव्यांतून निष्कर्ष एकच निघतो. ग्राहकाचे सहकार्य ही कंपन्यांच्या दालनातली चैन नाही. भाव पडण्याच्या आणि माल सडण्याच्या जुन्या दुखण्यावर ती व्यावहारिक तजवीज आहे, पण माहिती आधी, माप सामाईक आणि जोखीम वाटलेली असेल तरच. द्राक्षाने यातल्या दोन अटी ठेच खाऊन मिळवल्या. आंब्याने एका अटीवर बंद पडत चाललेले केंद्र चालवून दाखवले. कांद्याकडे जमीन, अनुभव, बाजार, रेल्वे, विकिरण केंद्र आणि मानांकन हे सगळे आहे, आणि तिन्हींपैकी एकही अट नाही. १९८० च्या शेतकरी आंदोलनापासून नाशिकच्या शेतकऱ्याने रास्त भाव मागितला आणि तो मागणे चालूच राहिले पाहिजे. त्याच्या जोडीला आता दुसरी मागणी हवी: रोपे टाकण्याआधी ग्राहकाबरोबर बसण्याची. बाजार समितीने, उत्पादक कंपन्यांनी आणि सरकारसाठी कांदा खरेदी करणाऱ्या नाफेडने येत्या उन्हाळ हंगामासाठी एका तालुक्यापुरती, निफाडपुरती का होईना, अशी बैठक सप्टेंबरमध्ये बोलवावी, किती टन, कोणती प्रत आणि घटीचा वाटा कोणाचा हे कागदावर आणावे, आणि तो कागद बाजाराच्या फलकावर लावावा.